हक्काची गाठ कशाशी?

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली होती. सातासमुद्रापलीकडच्या लढ्याशी आपल्या शूद्रातिशूद्रांचे नाते जोडणाऱ्या या माणसाचे मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, त्याच जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात. पुढे शंभर वर्षांनी उलटा प्रवास घडला. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला महाराष्ट्रात आल्या, त्यावर १९७३ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळवली आणि सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या झाल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचे निधन झाले तेही कासेगावातच.

वंश आणि जात या एकच गोष्टी नाहीत. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात डॉ. आंबेडकरांनी जातीचा उगम वंशभेदात शोधणाऱ्यांना स्पष्ट नकार दिला आहे. तरीही १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य नोंदवले. हे साम्य रक्तात नाही, व्यवस्थेच्या बांधणीत आहे. अन्याय टिकतो तो नुसत्या द्वेषावर नव्हे. माणसाला मिळायला हवी ती गोष्ट दुसऱ्याच कशाला तरी बांधून ठेवली की तो आपोआप टिकतो. शिक्षण जातीला बांधले, जमीन सेवेला बांधली, पाणी जमिनीला बांधले, की मग कुणी कुणाचा तिरस्कार करण्याचीही गरज उरत नाही. गाठ आपले काम करत राहते.

सातारा आणि सांगलीच्या सव्वाशे वर्षांत अशा बऱ्याच गाठी सुटल्या, काही सैल झाल्या, काही नव्याने बसल्या. त्या कुणी सोडवल्या, सरकारने की समाजाने, हे या प्रकरणात पाहायचे आहे. सुरुवातीला एक भौगोलिक खुलासा: आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांचा सामाजिक इतिहास वेगळा काढता येत नाही.

शाळेचा दाखला आणि नळाचे पाणी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. हजेरीपटात क्रमांक १९१४. ही शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते.

दाखला सरकारने दिला होता. कागदोपत्री शाळा सर्वांना खुली होती. पण डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, तेही घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. तो तुकडा रोज घरी परत न्यावा लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळ त्यांना स्वतः सोडता येत नसे. शिपाई असेल तरच पाणी मिळे. तो नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहायचे. त्याच सुमारास खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर असलेल्या वडिलांना भेटायला भिवा आणि घरातली इतर मुले निघाली. रेल्वेने मसूरला उतरली आणि त्यांची जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले, बैल मुलांनीच हाकायचे ठरले आणि गाडीवान शेजारून पायी चालला. रात्रभर त्यांना कुणी पाणी दिले नाही.

राज्याचे धोरण कुठे संपते ते या दोन प्रसंगांत नेमके दिसते. रेल्वेने जात विचारली नाही, कारण तिकीट पैशाला बांधलेले होते. स्टेशनाबाहेर पडल्याबरोबर गावाचा कायदा सुरू झाला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव बहुतेक गावांच्या वेशीवरच अडला. १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की अंमलबजावणी न करणाऱ्या संस्थांचे अनुदान सरकारने बंद करावे. धोरणाला दात हवेत हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण विहिरीवर रोज पहारा ठेवणे कुठल्याच सरकारला जमणारे नव्हते. महाडला १९२७ मध्ये लोकांनाच तळ्याकडे चालत जावे लागले ते याचमुळे.

धनिणीची बाग

बोले ठरावानंतर वर्षभरात, १९२४ मध्ये, साताऱ्यात एक वसतिगृह सुरू झाले. ते चालवणारे भाऊराव पाटील मूळचे ऐतवडे बुद्रुकचे, जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. कोल्हापुरात शिकताना राजर्षी शाहू महाराजांचा सहवास त्यांना लाभला होता. २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवणारा हा राजा. शिवाय जातीजातींसाठी वसतिगृहे काढणारा. भाऊरावांनी त्याच कल्पनेला एक वळण दिले: प्रत्येक जातीचे वेगळे वसतिगृह न काढता सगळ्या जातींचे एकच.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सत्यशोधक विचारांचा पाया होताच. संस्था साताऱ्याला आल्यावर धनिणीच्या बागेत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एका छपराखाली राहू लागली. स्वयंपाक मुलेच करत, भांडी मुलेच घासत आणि जेवण एका पंगतीत होई. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव देण्यात आले. मुलांच्या शिध्याची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने मोडले. १९३० मध्ये त्या गेल्या.

एका पंगतीत जेवणे यात विशेष काय, असे आज वाटेल. पण शिक्षणाची खरी अडचण वर्गात नव्हती. गावात चौथीच्या पुढे शाळा नसे. तालुक्याला किंवा जिल्ह्याला शिकायचे तर राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा प्रश्न प्रत्येक गरीब मुलापुढे होता. सवर्ण मुलाला नातेवाईक, वार लावून जेवण किंवा जातीचे वसतिगृह मिळे. महार-मांगाच्या पोराला यातले काहीच नव्हते. शाळेचे दार उघडे असून उपयोग नव्हता, कारण दारापर्यंत पोहोचणे जातीला बांधलेले होते. भाऊरावांनी नेमकी ती गाठ सोडली. ‘कमवा आणि शिका’ या योजनेने पैशाची गाठही सैल केली: शेतात, बागेत, बांधकामावर काम करायचे आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायचा.

हे सारे लोकांच्या बळावर झाले, तरी सरकार यात नव्हते असे नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात आलेल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाने ‘व्हॉलंटरी’ शाळांना उत्तेजन दिले. सरकार थोडे अनुदान देणार, इमारत आणि बाकी भार गावाने उचलायचा. या धोरणाचा पुरेपूर उपयोग भाऊरावांनी केला आणि दशकभरात अशा शाळा शेकड्यांनी उभ्या राहिल्या. त्यांना लागणारे शिक्षक तयार करण्यासाठी साताऱ्यात अध्यापक विद्यालय त्याआधीच, १९३५ मध्ये, सुरू झालेले होते. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. धोरण वापरायला माणसे तयार असतील तर साधे अनुदानही किती दूर जाते, याचा हा नमुना आहे. त्याच धोरणाचा लाभ सबंध प्रांताला खुला होता. पण ज्या भागात धनिणीची बाग नव्हती, तिथे तो इतका फळला नाही.

फक्त कायदाच सोडवू शकतो अशी गाठ

मग सगळे समाजानेच करावे का? नाही. काही गाठी गावाने बांधलेल्या नसून खुद्द राज्याने बांधलेल्या असतात.

महार वतन त्यातलेच. गावाची व सरकारची पिढीजात सेवा, म्हणजे निरोप पोहोचवणे, सारा वसुलीच्या वेळी माणसे बोलावणे, येस्कर म्हणून वेशीवर राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे, या बदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते. या भागात ती जमीन ‘हाडकी-हाडोळा’ म्हणून ओळखली जाते. जमीन होती, पण ती कामाला बांधलेली होती आणि काम जातीला. सेवा नाकारली तर जमीन जाणार. सुशिक्षित मुलगाही घरच्या वतनामुळे गावाच्या हाकेला बांधील. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव लोकांनी ही कामे सोडली, अनेक ठिकाणी बहिष्कार सोसून. अखेर १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, वतनच रद्द झाले आणि शेतसाऱ्याच्या ठरावीक पट रक्कम भरल्यावर जमीन धारकाच्या नावे पुन्हा देण्याची तरतूद झाली. लोकांनी काम सोडून गाठ मोडून काढली होती; तरीही कायद्याशिवाय जमीन त्यांची झाली नसती.

दुसरे उदाहरण त्याहून कडक. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्म घेणे हाच गुन्हा ठरवला. पुढे तो मुंबई प्रांतात लागू झाल्यावर मांग, रामोशी, कैकाडी, पारधी अशा जमातींतल्या अनेकांना पोलीस पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी द्यावी लागे. परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी हे जवळून पाहिले होते आणि ‘फकिरा’ या १९५९ च्या कादंबरीत त्या जगण्यातला स्वाभिमान उभा केला. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस आजही ‘विमुक्त दिन’ म्हणून साजरा होतो. हजेरीची वही सरकारने उघडली होती, म्हणून ती सरकारलाच बंद करावी लागली. मात्र चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर आधी धाड टाकायची ही सवय कायद्याबरोबर गेली नाही. सवय मोडायला पुन्हा समाजच लागतो.

याच दुहेरी कामाचे अलीकडचे उदाहरण साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कामातून पुढे आले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. आंतरजातीय लग्न केले म्हणून दंड, वाळीत टाकणे, मयतालाही कुणी न येणे, अशा तक्रारी लोक उघडपणे सांगू लागले. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. मोहीम थांबली नाही. त्यातून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये अमलात आला. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

पाणी कुणाचे?

आता सर्वांत चिवट गाठ. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास येतो. कृष्णाकाठी ऊस आणि साखर कारखाने, माणदेशात खडी फोडण्याचे दुष्काळी काम, असे एकाच खोऱ्याचे दोन चेहरे आहेत. पण विषमता दोन तालुक्यांपुरती नाही, ती एका गावातही आहे. पाटाचे पाणी एकरावर मिळते. ज्याच्या नावे जास्त जमीन, त्याला जास्त पाणी. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याला काहीच नाही. आणि सातबारा बहुधा कुणाच्या नावे नसतो, ते वतनाच्या इतिहासावरून ओळखता येते. वाड्यात जन्मला की महारवाड्यात, हे कुणी विचारत नाही. जमिनीच्या मार्गाने जात पाण्यात उतरते.

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायतीतून याला पहिले उत्तर दिले: पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर; भूमिहीनांनाही वाटा; ऊस नाही.

सांगली जिल्ह्यात या विचाराला चळवळीचे रूप आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर खानापूर-आटपाडीचे कामगार गावी परतले, ते दुष्काळातच. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडण्यापेक्षा दुष्काळ का पडतो याचा शोध घेऊ, असे म्हणून लोकांनी अभ्यासकांना गावात बोलावले. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदीकाठच्या विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मागणी केली की, वाळू आमची आहे. थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही बंधारा बांधतो. शासनाशी बराच झगडा झाला. संपतराव पवार, डॉ. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आणि दोन गावांचे श्रम यांतून १९९० च्या सुमारास ‘बळीराजा स्मृती धरण’ उभे राहिले. त्याचा नियम साधा आणि धाडसी होता: पाण्यावर प्रत्येकाचा हक्क, भूमिहीनांचाही. भूमिहीनाने तो वाट्याने केलेल्या शेतीला वापरावा. आणि ऊस लावायचा नाही.

धरण लहान होते, पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली: पाण्याची जमिनीशी असलेली गाठ निसर्गाने बांधलेली नाही. ती सोडवूनही शेती होते.

पुढचा टप्पा राज्याच्या धोरणाचा होता. १९९३ मध्ये आटपाडीत कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. तिच्या अग्रभागी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी होते. १९४३ ते १९४६ च्या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारमध्ये लढलेले, न्यायदान मंडळे चालवणाऱ्या, कमी खर्चात लग्ने लावणाऱ्या त्या पर्यायी राज्याचे शिलेदार. सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर हेही सोबत होते. परिषदेच्या दबावाने कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी भागाला देणाऱ्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांना वेग आला. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कराडजवळच्या टेंभूहून उचललेले पाणी कालांतराने आटपाडीच्या माळावर पोहोचले.

पाणी आले, पण समन्याय आला का? चळवळीने आग्रह धरला की ते उघड्या कालव्याऐवजी बंद नळातून, मोजून, प्रत्येक कुटुंबाला मिळावे, आणि आटपाडीसाठी बंद नलिकेचे वाटप शासनाने मान्य केले. भूमिहीनांचा वाटा मात्र कायद्यात शिरला नाही. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या २००५ च्या कायद्यानुसार पाणीवापर संस्थेचा सभासद लाभक्षेत्रातला जमीनधारक असतो. जमीन नाही तो सभासदच नाही. मग पाण्याच्या वाटपात त्याचे म्हणणे येणार कुठून?

जमीन देऊन हा प्रश्न सोडवता येईल का? कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला शासन चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत विकत घेऊन देते; २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. कागदावर योजना उदार आहे. पण तिला जमीन विकणारा लागतो, आणि जिथे पाणी येणार अशी नुसती चाहूल लागते तिथे सरकारी दरात कुणी जमीन विकत नाही. म्हणजे पाणी देण्याआधी जमीन द्यायची आणि जमीन मिळण्याच्या आड पाणीच येते.

अमेरिकेशी एक तुलना

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, नाट्यगृहे सर्वांना खुली केली. बोल्यांच्या ठरावासारखेच, पण दात असलेले. तरी काळ्या वस्तीतल्या शाळा गरीबच राहिल्या, कारण तिथे शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात त्या वस्तीतल्या घरांवरच्या करातून येतो. आणि घरांची किंमत कमी, कारण १९३० च्या दशकापासून काळ्या वस्त्यांना नकाशावर ‘धोक्याच्या’ म्हणून लाल रंगात दाखवून तिथे कर्ज नाकारले जात होते. शाळा घराला, घर कर्जाला, कर्ज वस्तीला बांधलेले. शिक्षणात भेदभाव करायला कुणी शिक्षक दुष्ट असण्याची गरजच नाही. आटपाडीचे पाणी आणि शिकागोची शाळा यांची कथा इतकी सारखी आहे.

सुटकेचा क्रम

सातारा-सांगलीचा अनुभव एक क्रम सुचवतो. वसतिगृह, व्हॉलंटरी शाळा, बळीराजा धरण या तिन्हींत लोकांनी आधी लहान प्रमाणावर करून दाखवले. त्यामुळे ‘हे शक्यच नाही’ हे उत्तर संपले. नंतर राज्याने ते उचलले तिथे ते पसरले. उचलले नाही तिथे ते एका गावापुरते राहिले. वतन आणि हजेरीच्या बाबतीत गाठ राज्याचीच होती, म्हणून कायदा अनिवार्य ठरला, पण लोक आधी लढले नसते तर तो आला नसता. आणि केवळ ठराव झाला, जसा १९२३ मध्ये झाला, तर गावाची वेस त्याला पुरून उरली.

यातून कुठल्याही नव्या योजनेला विचारायचा प्रश्न हाती लागतो: यातला लाभ कुठल्या नोंदीला बांधला आहे? टेंभूच्या पाण्याची यादी सातबारावरून बनते तोवर भूमिहीन तिच्यात येणार नाहीत, मग अधिकारी कितीही सद्हेतूचा असो. तीच यादी ग्रामपंचायतीच्या कुटुंबनोंदीवरून बनवली तर प्रत्येक घर तिच्यात येईल, आणि जमीन नसलेल्या घराने आपले पाणी शेजाऱ्याला देऊन त्याच्या बदल्यात पीक वा पैसा घ्यायचा की वाट्याने शेती करायची, हे ते घर ठरवील. बळीराजा धरणाने हा हिशेब करून दाखवला आहे. २००५ च्या कायद्यात ‘जमीनधारक’च्या जागी ‘कुटुंब’ लिहिणे ही विधिमंडळाची जबाबदारी आहे. ती पार पडेपर्यंत पाणीवापर संस्थांनी स्वतःहून भूमिहीनांना बैठकीला बोलावून त्यांचा वाटा ठरवायला सुरुवात करावी.